उलटं दुमडलेलं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्रीनिवासन साहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. अच्युतन नायर, म्हणजे आमचे अच्युतन काका, त्यांची कन्या लेखा, ईस्ट कोस्टच्या आपल्या या दोन इमारतींतली आणि सेरंगूनपासून तुआसपर्यंत कुठून कुठून आलेली समस्त मल्याळी मंडळी, उजवीकडच्या दोन रांगा भरून बसलेली आम्हा मराठी शेजाऱ्यांची कुटुंबं, आणि मागे केळीच्या पानांवर मीठ वाढून, हातात डाव घेऊन ताटकळत उभे असलेले स्वयंसेवक, या सर्वांना माझा नमस्कार आणि ओणमच्या शुभेच्छा.

ओणम होऊन खरं तर तीन आठवडे झाले. पण सिंगापुरात सण पंचांगाने येत नाही, हॉलचं बुकिंग मिळेल तसा येतो. काका म्हणतात, महाबली राजा बिचारा केरळातलं आटपतो आणि मग इथे येऊन रांगेत उभा राहतो. कधी या कॉन्डोचा हॉल, कधी त्या कॉन्डोचा. ऑक्टोबर संपेपर्यंत त्याला परत जाता येत नाही.

माझं नाव संजीवनी. बाराव्या मजल्यावर काकांच्या दारासमोरचं दार आमचं. मी एका बँकेत कम्प्लायन्स विभागात आहे, म्हणजे दुसऱ्यांनी नियम पाळले की नाही हे बघण्याचा पगार घेते. हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता, या हॉलमधल्या निम्म्याहून जास्त लोकांना मी काय बोलते आहे ते कळत नाहीये, हे मला दिसतं आहे. माझं झालं की प्रबोध इंग्रजीत सारांश सांगणार आहे. प्रबोध माझ्या नवऱ्याचा मित्र आणि अतिशय थोडक्यात बोलणारा माणूस आहे, तेव्हा माझ्या पंधरा मिनिटांचं तो एक वाक्य करेल, आणि ते वाक्य बहुधा ‘काका चांगले आहेत’ एवढंच असेल. मग इंग्रजीतच का बोलले नाही? कारण तशी आज्ञा झाली. पंधरा दिवसांपूर्वी काका मला लिफ्टमध्ये भेटले. हातात रिकाम्या खोक्यांचा गठ्ठा होता, सामान बांधायला आणलेला. म्हणाले, “संजीवनी, निरोपाला तू बोलायचंस.” मी म्हटलं, काका, मी काय बोलणार, तुमच्या मंडळात एवढे वक्ते आहेत. तर म्हणाले, “ते बोलतील. त्यांना बोलू दे. तू मराठीत बोल. आणि डायरीतलं बोल.”

लिफ्ट बाराव्या मजल्यावर आली. ते त्यांच्या दारात गेले, मी माझ्या. आणि मी दार उघडून आत जायचं विसरून तशीच पॅसेजमध्ये उभी राहिले.

मी रोज रात्री डायरी लिहिते, हे काकांना कुणी सांगितलं? ज्यांनी सांगितलं असेल त्यांच्याकडे मी येणारच आहे.

काकांना मराठी कशी येते, असा प्रश्न नव्या लोकांना पडतो. अंबरनाथ. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, राहायला क्वार्टर्स होती, शाळा नगरपालिकेची होती. काका मराठी बोलतात ती अंबरनाथची, जराही पॉलिश न केलेली. आम्ही इथे आलो त्या आठवड्यात माझा नवरा निशिकांत पॅसेजमध्ये गादी ओढत होता आणि समोरच्या दारातून लुंगी नेसलेले गृहस्थ बाहेर येऊन म्हणाले, “अहो, आडवी नका घालू, फसेल. उभी करा, मी धरतो.” निशिकांतने गादी खाली ठेवली. तेरा वर्षं झाली त्याला. निशिकांत अजून सांगतो, की परदेशात आल्यावर पहिल्यांदा घरच्यासारखं कधी वाटलं, तर एका मल्याळी माणसाने मराठीत चूक काढली तेव्हा.

तुआसच्या एका जहाज दुरुस्तीच्या यार्डात काकांनी सत्तावीस वर्षं काढली. त्याचं आपल्या मंडळाशी काय नातं, तर फुलांची रांगोळी, पूक्कळम. आज दारात जी आहे तिचा मध्य काढायला काकांनी ओळंबा लावला होता, बघितलात का? दर वर्षी लावतात. दोरी, खडू, ओळंबा. बारा फुटांचं वर्तुळ आणि त्यात केसाचा फरक नाही. मागे एकदा मी विचारलं, काका, फुलंच तर घालायची आहेत, एवढं माप कशाला? म्हणाले, “अगं, जहाजाचा तळ मी असाच आखायचो. तळ चुकला तर बुडतं. हे चुकलं तर फक्त बायको बोलते.”

आणि बायको बोलायच्या. आता मी ते नाव घेते.

आत्तापर्यंत इथे चार जण बोलले. सगळे छान बोलले. मलयाळममधलं मला कळलं नाही, पण मी एका नावासाठी कान देऊन बसले होते आणि नाव तर कुठल्याही भाषेत कळतं. ते आलं नाही. कुणाला दोष देत नाही. गेल्या वर्षी मीही ते घेतलं नव्हतं. भार्गवीअम्मा. मंडळाची सोळा वर्षांची रांगोळी काकांनी आखली आणि भार्गवीअम्मांनी भरली. काकांच्या त्या काटेकोर वर्तुळात त्या हाताने फुलं टाकायच्या, ती रेषेच्या बाहेर जायची, काका कपाळाला हात लावायचे. पार्कातली फुलं तोडायला इथे बंदी, म्हणून सकाळी सहाला त्या ईस्ट कोस्टच्या फुटपाथवरून खाली पडलेला चाफा वेचून आणायच्या. मीही दोन वर्षं गेले त्यांच्याबरोबर. आमच्या दोघींची भाषा हिंदी, आणि दोघींचीही हिंदी अशी, की उत्तरेकडच्या माणसाने ऐकली असती तर माफी मागून निघून गेला असता. मला त्या संजू म्हणायच्या. मी डायरी लिहिते हे त्यांना माहीत होतं, कारण त्यांनी एकदा सरळ विचारलं होतं, “संजू, रोज क्या लिखती? मेरा भी लिखती?” मी हो म्हटलं. “अच्छा लिखना,” म्हणाल्या. “पतला लिखना मेरे को.”

हसलात ना? त्या असत्या तर याहून जास्त हसल्या असत्या.

ओणम म्हणजे काय, हे मला त्यांनी समजावलं. आम्ही मराठी माणसं बळीराजाला दिवाळीत ओवाळतो आणि त्याचं राज्य परत यावं म्हणतो, पण तो आला तर कुठे बसवायचं याची काही तयारी आमची नसते. यांच्याकडे तो खरोखर येतो. वर्षातून एक दिवस, आपली माणसं कशी आहेत ते बघायला. म्हणून दारात फुलं, म्हणून नवे कपडे, म्हणून पानावर वीस-बावीस पदार्थ. भार्गवीअम्मा म्हणायच्या, “राजा एक दिन को आता है संजू. उसको सब ठीक दिखाना. रोना नहीं दिखाना.”

मला हे तेव्हाही पूर्ण पटलं नव्हतं. राजा एवढ्या लांबून येतो आणि आपण त्याला खरं सांगायचं नाही? पण सण त्यांचा, मी पाहुणी. डायरीत लिहिलं आणि सोडून दिलं.

मागच्याच्या मागच्या डिसेंबरात त्या गेल्या. आजार पाच महिन्यांचा. शेवटच्या महिन्यात मी त्यांच्याकडे तीनदा गेले, आणि माझ्या स्वयंपाकघरापासून समोरचं दार तेवीस पावलांवर आहे. हे मोजलेलं आहे. लेखा आणि काका त्यांना घेऊन केरळात ओट्टपालमला गेले, सोळाव्या दिवसाचं, आपल्या तेराव्यासारखं, जेवण तिकडेच झालं, काकांच्या भावाच्या घरी. इथे काही झालं नाही. आम्ही सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेली चित्रं टाकली. काका महिन्याभराने परत आले तेव्हा आम्ही त्यांना भाजी-पोळीचे डबे दिले, आणि हवापाण्याविषयी बोललो. सिंगापूरच्या हवेविषयी बोलण्यासारखं काय असतं, हे तुम्हाला माहीत आहे. तरी आम्ही आठ महिने बोललो.

श्रीनिवासन साहेबांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘जेवण गरम आहे.’ साहेब, समजलं. आटोपतं घेते.

गेल्या वर्षीचं ओणम. हाच हॉल. घरात कुणी गेलं की वर्षभर सण नाही, ही त्यांच्याकडचीही रीत आणि आमच्याकडचीही. त्यामुळे काका येणार नाहीत, हे सगळ्यांनी धरलं होतं. रांगोळी कुणीतरी इंटरनेटवरून छापून आणलेल्या नक्षीवर भरली. जेवण केटररचं. पहिल्या पंगतीला आम्ही बसलो आणि दारातून काका आले. कोरं मुंडू नेसलेलं, खांद्यावर पंचा, आणि सरळ वाढायच्या टेबलाकडे. लेखा धावत गेली. मलयाळममध्ये हळू आवाजात बरंच काही म्हणाली. मला भाषा कळली नाही, पण मुलगी बापाला ‘लोक काय म्हणतील’ हे कोणत्या आवाजात सांगते ते कळतं. काकांनी तिचं सगळं ऐकलं, मान हलवली, आणि ओलनचं भांडं उचललं.

ओलन म्हणजे कोहळ्याची ती पांढरी, सौम्य भाजी. भार्गवीअम्मा मला ती नेहमी दोनदा वाढायच्या, कारण मला तिखट झेपत नाही. काकांनी मला दोनदा वाढली. मी काय म्हटलं? मी म्हटलं, “काका, ओलन मस्त झालंय हं.” केटररचं ओलन. हॉलमध्ये साठ माणसं होती, सगळी बोलत होती, हसत होती, आणि कुणीही ते एक नाव घेत नव्हतं. राजाला सब ठीक दाखवायचं काम आम्ही इतकं चोख बजावत होतो, की मला जेवताना घाम फुटला.

पायसम झालं, पापड कुस्करून झाला. मी पान दुमडलं.

इथे जरा थांबते. आमच्याकडे पान दुमडायचा मोठा नियम नाही. माझे वडील मात्र पंगतीत पान दुमडायचे, आणि आपल्या अंगाकडची बाजू उचलून पलीकडे घालायचे, म्हणजे उष्टं आपल्या मांडीवर ओघळत नाही. त्यांनी शिकवलं तसं मी लहानपणापासून करते. समोरून पान उचलणाऱ्याचं काय, हा विचार त्यांनी केला होता का, हे आता विचारता येत नाही. तर मी तसं दुमडलं. पलीकडे.

काका ताकाचं भांडं घेऊन आले होते. माझ्यासमोर उभे राहिले. “ताक?” म्हणाले. मी म्हटलं, “नको काका, झालं माझं.” ते पानाकडे बघत होते. मला वाटलं, मी काही टाकलं का, ते बघतायत. थोडं तिखट रसम सोडलं, तर मी काहीच टाकलं नव्हतं. शेजारी बसलेल्या निशिकांतचं पाणी पिऊन झालं, एवढा वेळ बघत होते. मग त्यांनी भांडं टेबलावर ठेवलं आणि ते बाहेर स्विमिंग पूलच्या बाजूला निघून गेले. लेखाने भांडं उचललं आणि पुढे ताक वाढलं. ती माझ्याकडे बघून हसली. का हसली, तेही मला अजून कळलेलं नाही.

दोन दिवसांनी ऑफिसच्या पॅन्ट्रीत सुचित्राला, म्हणजे माझ्या केरळच्या सहकारिणीला, मी जेवणाचं वर्णन करत होते. ती सहज म्हणाली, “आणि पान आपल्याकडे दुमडलंत ना? पलीकडे नाही? पलीकडे दुमडतात ते फक्त मयताच्या जेवणाला.”

माझ्या हातात कप होता. तो मी बेसिनमध्ये ठेवला आणि जागेवर येऊन बसले.

म्हणजे बघा. ज्या घरात नऊ महिन्यांपूर्वी माणूस गेलं, त्या घरचा कर्ता सगळ्यांचं ऐकून न ऐकल्यासारखं करून सणाला आला, स्वतः वाढायला उभा राहिला, आणि समोरच्या दाराच्या शेजारणीने, जी त्याच्या बायकोबरोबर चाफा वेचायला जायची तिने, साठ लोकांसमोर त्याला पानाने सांगितलं, की हे सणाचं जेवण नाही, मयताचं आहे.

त्या दिवसापासून आठव्या दिवशी काकांनी लिफ्टमध्येच सांगितलं, “मी इथलं आवरतो आता. वर्षभरात कायमचा जातो ओट्टपालमला.”

निशिकांतला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “संजीवनी, ते पान आहे, पासपोर्ट नाही. कसंही दुमडलं तरी माणूस देश सोडून जात नाही.” जाई, आमची मुलगी, फोनमधून वर न बघता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “ममा, यू थिंक टू मच, लाह.” दोघांचं बरोबर असेल. पण माझं काम नियम बघायचं. मी चौकशी केली. कण्णूरच्या एका गृहस्थांना विचारलं, ते म्हणाले, असं काही नसतं, पान कसंही टाका. कोट्टयमच्या बाई म्हणाल्या, असतं, आणि फार असतं. पालक्काडचे एक जण म्हणाले, असतं, पण बरोबर उलटं, आमच्याकडे सणाला पलीकडे. त्यांच्या बायकोने त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं. आता ओट्टपालम पालक्काड जिल्ह्यात. मग काकांच्या घरी यातलं कुठलं? मी वर्षभर एकच प्रश्न घेऊन तेवीस पावलांवर राहिले, आणि तो जिथे विचारायचा तिथे सोडून सगळीकडे विचारला.

विचारला का नाही? विचारला आणि त्यांच्या लक्षातच आलेलं नसलं, तर मीच ते लक्षात आणून देणार. लक्षात आलेलं असलं, तर जखमेला हात लावणार. आणि न विचारावं, तर काका मंगळवारी जाणार. डायरीत या वर्षाची पानं बघितली. तेच वाक्य वेगवेगळ्या तारखांना एकोणीस वेळा आहे. ‘उद्या काकांना विचारायचं.’

आता शेवटचं, आणि हे गेल्या गुरुवारचं. मी स्वयंपाकघरात हेच भाषण लिहीत बसले होते. लिहीत होते म्हणजे खोडत होते. जाई पाणी प्यायला आली. काय लिहितेस विचारलं. मी म्हटलं, तेच, पानाचं. ती म्हणाली, “हां, ते. अंकलनी पण तसंच फोल्ड केलं होतं ना.”

मी म्हटलं, कुठल्या अंकलनी?

“अच्युतन अंकल, लाह. लास्ट इयर. सगळे गेल्यावर ते परत आले आणि एकटेच जेवले, तिकडे एंडला. आम्ही पानं कलेक्ट करत होतो. सगळ्यांची पानं अशी बंद होती, आपल्या साइडला. दोन पानं उलटी, माझ्या साइडला ओपन. तुझं पान उचललं तर रसम माझ्या शूजवर. मग अंकलचं उचललं, सेम सेम, परत शूजवर. व्हाइट शूज, ममा.”

मी विचारलं, हे तू वर्षभर का नाही बोललीस? म्हणाली, “तू विचारलंच नाहीस. तू सुचित्रा आंटीला विचारत होतीस.”

अध्यक्ष महोदय, तेव्हापासून माझा गोंधळ कमी झालेला नाही, तो फक्त जागा बदलून बसला आहे. काकांनी पान पलीकडे का दुमडलं? पाहुणीची चूक एकटी पडू नये, म्हणून यजमानाने तीच चूक करायची, हे काकांना शोभण्यासारखं आहे. गादी धरणारा माणूस पानही धरेल. का, सोळाव्या दिवशी जे जेवण इथे कुणी जेवलं नाही, ते नऊ महिन्यांनी त्यांनी एकट्याने कोपऱ्यात बसून पुरं केलं? का, त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे, पालक्काडचे ते गृहस्थ बरोबर होते, आणि मी एक वर्ष उगाच झोप घालवली? आणि जायचं ठरवलं ते यामुळे, का दुखऱ्या गुडघ्यांमुळे, का तिकडच्या भावामुळे, का बाराव्या मजल्यावरच्या त्या रिकाम्या घरामुळे? मला यातलं काहीही माहीत नाही. निरोपाच्या भाषणात वक्त्याला निदान सत्कारमूर्ती का चालले आहेत, एवढं तरी माहीत असावं. मला तेवढंही नाही.

प्रबोध, हे सगळं इंग्रजीत नको. थोडक्यातच ठेव. तुला जमेल.

आणि आता उभी राहून बोलताना मला आणखी एक शंका येते आहे. या व्यासपीठावर मराठी कळणारे एकटे काका आहेत. लेखाला कळत नाही. ती इथेच जन्मली, इथेच शिकली. ‘मराठीत बोल, डायरीतलं बोल.’ काकांना माहीत होतं का, मी काय बोलणार ते? हॉलमधल्या सगळ्या मल्याळी मंडळींत एका माणसाला एकट्याने ऐकता यावं, अशी ही सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली होती का? काका, मी तुमच्याकडे बघत नाहीये, कारण बघितलं तर मला पुढचं बोलता येणार नाही. तुम्ही तुमचा चष्मा पुसताय, एवढं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतंय. पुसा. लेखा, तुझ्या वडिलांना जरा पाणी दे. वॉटर. थँक यू.

सत्काराच्या भाषणात चार चांगल्या गोष्टी सांगायच्या असतात, त्या राहूनच चालल्या. काकांनी या मंडळासाठी सोळा वर्षं काय केलं, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलं आहे, आणि त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असणार. मी एवढंच म्हणेन, की मापात चूक झालेली ज्यांना सहन होत नाही, अशा माणसाने सोळा वर्षं रेषेबाहेर पडलेलं एकही फूल परत आत सरकवलं नाही. मी जवळून बघितलं आहे. हात कपाळाला जायचा, फुलाला कधीच लागायचा नाही. आज दारातली रांगोळी बघा. त्यांनी ती काल आखली, आणि मुलांनी भरली. दक्षिणेच्या बाजूला चाफ्याची पाच-सहा फुलं रेषेच्या बाहेर आहेत. मुलांनी सांगितलं, ती अंकलनी स्वतः टाकली. मला त्याचा अर्थ लावायचा मोह होतो आहे, पण गेल्या वर्षभरात मी अर्थ लावायचं काम बरंच केलं. आज राहू दे.

थोड्याच वेळात आपण जेवायला बसू. मला पुन्हा तेच कोडं पडणार आहे. आज ओणम आहे, म्हणजे सण. आज निरोपही आहे. आणि भार्गवीअम्मांचं नाव आज या हॉलमध्ये घेतलं गेलं आहे, तेव्हा त्याही आहेत. राजाला सब ठीक दाखवायचं, का जे आहे ते दाखवायचं? पान कुठल्या बाजूला दुमडायचं? कण्णूर, कोट्टयम आणि पालक्काड यांचं एकमत होईपर्यंत पायसम गार होईल. तेव्हा मी माझ्यापुरतं असं ठरवलं आहे, की आज काकांच्या शेजारच्या पानावर बसायचं, सावकाश जेवायचं, आणि त्यांचं पान दुमडून होईपर्यंत आपलं पान उघडं ठेवायचं. ते जिकडे दुमडतील तिकडे मी दुमडेन. कारण विचारणार नाही. मंगळवारी विमानतळावर सामान उचलायला मी आणि निशिकांत येतोय, तेव्हाही विचारणार नाही. काकांना कधी सांगावंसं वाटलं, तर माझा नंबर त्यांच्याकडे आहे, आणि डायरीत जागा आहे.

जाई, आज पानं गोळा करताना काळे बूट घाल.

अध्यक्ष महोदयांनी चिठ्ठी पाठवूनही मला बोलू दिलं, मंडळाने परक्या भाषेतलं एवढं लांबण शांतपणे ऐकून घेतलं, वाढप्यांनी डाव खाली ठेवला नाही, या सर्वांचे मी मनापासून आभार मानते. लेखा, तुझे वेगळे आभार, ताक वाढल्याबद्दल. प्रबोध तुला त्याचा अर्थ सांगू शकणार नाही, मी नंतर सांगेन. काका, आजच्या माझ्या बोलण्यात आणि गेल्या वर्षीच्या माझ्या जेवणात जे काही कमी-जास्त झालं असेल, ते पोटात घाला.

काय म्हणालात काका? माईक जरा इकडे… बरं, माईक नको म्हणतायत, मीच सांगते.

काका म्हणतायत, “तुझं पान मी सकाळीच माझ्या डाव्या हाताला मांडून ठेवलंय. ओलन घरी केलंय. चल.”